मायले दाखवा

मशीन थांबलं. एवढंच झालं. रेलटोलीतल्या दोन खुर्च्यांच्या त्या सलूनमध्ये टिंकूनं उजवी बाजू बारीक करून आणली होती, तो डावीकडे वळला आणि लाईट गेली. कानाजवळची घरघर बंद पडली, पंखा मंद होत होत थांबला, आणि समोरच्या आरशात उमेंद्रला अर्ध्या डोक्याचा एक माणूस दिसला. “दो मिनट भैया, आ जाएगी,” टिंकू म्हणाला आणि शेजारच्या दुकानाची गेली की नाही ते बघायला दारात गेला, कारण शेजाऱ्याचीही गेली असली की आपल्या माणसाला जरा बरं वाटतं. पण उमेंद्रला आणखी एकदा अशीच गेलेली लाईट आठवली. त्यानं गळ्याभोवतीचं कापड ओढून काढलं, खुर्चीवर टाकलं आणि तो तसाच रस्त्यावर आला. मागून टिंकू ओरडला, “अरे, आधा सिर लेके कहाँ जा रहे हो?” प्रश्न वाजवी होता.

आज त्याला कुठं जायचंच नव्हतं, हीच तर खरी अडचण. उद्या मायची बरसी होती. तिथीनं सुखवंताबाईला जाऊन उद्या वर्ष पुरं होत होतं, आणि त्याला घरी न्यायला त्याचे बाबूजी, हुकुमचंद, गोरेगावच्या बाजूनं दुपारच्या बसनं येणार होते. बहिणीनं, दुर्गेश्वरीनं, सकाळीच फोनवर दम भरला होता: “बाबूजी सोता येऊन राहिले. खोलीले कुलूप लावून पळू नको.” आणि तो नेमका खोलीला कुलूप लावून पळाला होता. एकोणतीस वर्षांचा, राइस मिलचा पक्का ऑपरेटर, हलरच्या नुसत्या आवाजावरून आत किती कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, पडते ते सांगणारा माणूस, आणि बापाला चुकवण्यासाठी न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला होता. घानातल्या राइस मिलची नोकरी सोडून परतल्यावर तो गावच्या घरात फक्त एक दिवस राहिला होता. त्या दिवशी अंगणात उभं राहून तो बाबूजींवर असा ओरडला होता की शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. “मले काऊन नाही सांगितला? तीन महिने! खोटा बोलत राहिले तुमी मले!” बाबूजी खाटेवर बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी एकदा तोंड उघडलं, मिटलं, आणि मग जमिनीकडे बघत राहिले. त्या गप्प बसण्याचाच त्याला जास्त राग आला होता. तेव्हापासून आठ महिने तो गोंदियात भाड्याच्या खोलीत होता, मिलमध्ये जात होता, येत होता, आणि गावाच्या फाट्यावरून जाणारी बस दिसली तरी मान फिरवत होता. उद्याही जायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. बरसीला पोरगा नाही आला तर लोक काय म्हणतील ते बाबूजींनी ऐकावं. एकदा तरी त्यांनी काहीतरी ऐकावं.

तो बाजाराकडे चालू लागला. समोरून येणारी माणसं त्याच्या चेहऱ्याकडे, मग डोक्याकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे बघत होती. एका केळीवाल्याच्या हातगाडीपाशी एक म्हातारी अडखळली, पिशवी सुटली, संत्री गडगडत गेली. उमेंद्र खाली वाकता वाकता म्हणून गेला, “कोसे, कोसे.” म्हातारीनं त्याच्याकडे संशयानं बघितलं. “का म्हनला रे?” काही नाही, म्हणत त्यानं संत्री पिशवीत भरली. तिकडे घानात कुणी ठेचकाळलं, कुणाच्या हातून काही पडलं, कुणाला नुसती शिंक जरी आली, तरी आजूबाजूचे चार अनोळखी लोक असं म्हणायचे. सुरुवातीला तो गडबडायचा. चूक आपली, ठेच आपल्याला, आणि माफी हे कायले मागून राहिले? मग कळलं की ती माफी नव्हेच. तुला लागलं हे मी पाहिलं, एवढंच त्याचं म्हणणं. आपल्याकडे अशा वेळी ‘दिसत नाही का’ म्हणतात. त्याला या गोष्टीची एवढी सवय झाली होती की आता गोंदियाच्या रस्त्यावर आपला तोल गेला आणि कुणी काही बोललं नाही की चुकल्यासारखं वाटायचं, आणि आपण कुणाचे कोण, असंही वाटायचं.

कुमासीपासून दीड तासावरच्या त्या गावात तो उतरला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं होतं, अरे, हे तर आपलंच. लाल मुरमाचा रस्ता, कडेला आंब्याची झाडं, धानाच्या बांध्या, कोंबड्या, आणि मिलच्या मागून येणारा उसन्या, उकडलेल्या धानाचा तो उबट, आंबूस वास. तो वास नाकात गेल्यावर त्यानं डोळे मिटले असते तर त्याला कुणी सांगूनही खरं वाटलं नसतं की मधे एक समुद्र येऊन गेला. पण डोळे मिटून जगता येत नाही. डोळे उघडले की बाईच्या डोक्यावर शिलाई मशीन असायची, टायरवाल्याच्या पाटीवर ‘देव समर्थ आहे टायर’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं, सुताराच्या दुकानाबाहेर माशाच्या आकाराची पेटी, आणि ती पेटी कशासाठी ते विचारल्यावर सुतार हसून म्हणायचा, कोळ्यासाठी, मेल्यावर. पाणी लहान लहान प्लास्टिकच्या पिशव्यांत विकायचे. कोपरा दातानं तोडून ओढायचं. पहिल्या दिवशी अर्धं पाणी त्याच्या शर्टावर, आणि मिलच्या फाटकापाशी बसलेल्या सगळ्या बायांचं हसून हसून पोट दुखलं. त्यानं तो सगळा प्रकार मोबाईलमध्ये बोलून घरी पाठवला आणि शेवटी म्हणाला, “मायले ऐकवा.” ते त्याचं पहिलं. त्यानंतर सवयच लागली. जे दिसेल ते पाठवायचं आणि खाली लिहायचं, मायले दाखवा. कारण माय फोन हातात धरायची नाही. कानानं कमी ऐकायची, आणि त्या काचेला बोट लागलं की काहीतरी बिघडतं अशी तिची पक्की समजूत. फोन बाबूजींच्या हातात असायचा, माय त्यांच्या खांद्यामागून वाकून बघायची आणि लांबूनच ओरडायची, “जेवला का?” दोन महिन्यांचं बोलणं त्या दोन शब्दांत. बाबूजी तर त्याहून. त्यांची बोटं जाड, धान कापून कापून सालटं निघालेली. त्यांना फोनवर एकच शब्द लिहिता यायचा, तो दुर्गेश्वरीनं शिकवला होता. ‘दाखवलो.’

फाटकापाशी आंटी अबेना बसायची. ती ‘वाचे’ विकायची, म्हणजे तांदूळ आणि बरबटीचे, चवळीचे, दाणे एकत्र शिजवलेला लालसर भात, मोठ्या पानात बांधून. पहिला घास तोंडात गेला आणि उमेंद्र खाता खाता थांबला. मायच्या हातचा बरबटीचा भात, फक्त तिखट दुप्पट. त्यानं डाव्या हातानं पैसे पुढे केले तर आंटीनं हात मागे घेतला आणि मान हलवली. तो डावखुरा. लहानपणी माय याच डाव्या हातावर पळी मारायची. सात समुद्र ओलांडले तरी ती पळी काही चुकली नाही, असं त्यानं घरी कळवलं. आंटीनं एकदा विचारलं, तू जन्मला कोणत्या वारी? तिकडे वारावरूनच नाव पडतं, आणि ज्याला आपला वार माहीत नाही तो माणूस त्यांना दाराविना घरासारखा वाटतो. उमेंद्रला तारीख माहीत होती, शाळेतली, ती मास्तरनं मनानं लिहिलेली. त्यानं घरी फोन लावला. बाबूजी म्हणाले, थांब. मग लांबून मायचा आवाज आला, मोठा, खणखणीत, दारातून अंगणापर्यंत जाईल असा: “बाजाराचा दिवस होता! तुझे बाबूजी बाजारात गेले होते अन् भजे घेऊन आले!” गावचा बाजार शुक्रवारचा. म्हणून त्या दिवसापासून तो मिलभर कोफी, म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, झाला. माय तेवढं लांब वाक्य त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. ते वाक्य त्यानं रेकॉर्ड केलं नव्हतं. कुणाला माहीत होतं?

बाजारात त्याला कुणीतरी हाक मारली, मिलमधलाच कुणी असेल, पण तो थांबला नाही. डाव्या बाजूचे केस वाऱ्यानं कपाळावर येत होते आणि उजवीकडे गार लागत होतं. तिकडच्या न्हाव्याची टपरीही टिंकूच्या दुकानासारखी छोटीच होती, निळ्या रंगाची, आणि बाहेरच्या फळीवर दहा डोकी रंगवलेली, प्रत्येकाला नंबर. त्यातला एकही नंबर उमेंद्रच्या केसांच्या कामाचा नव्हता. न्हाव्यानं आयुष्यात असे सरळ केस कापले नव्हते. तो बोटांत धरून ते बघायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. उजवी बाजू झाली आणि लाईट गेली. तिकडे लाईट जायची ती गोंदियासारखी दोन मिनिटांसाठी नव्हे. तासभर दोघं बसून राहिले. न्हाव्यानं त्याला शेंगदाणे दिले, आपल्या सासऱ्याची गोष्ट सांगितली, दीड तास झाला, मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि न्हाव्यानं पातं काढलं. सगळं उतरवलं. गुळगुळीत. आंटी अबेनानं बघितलं आणि ताट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. उमेंद्रनं तिथंच फोटो काढला, सगळे दात दाखवत, आणि पाठवला. खाली लिहिलं, मायले दाखवा. त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं, माय बाबूजींच्या खांद्यावरून वाकेल, आधी घाबरेल, कारण टक्कल म्हणजे अपशकुन, मग हसेल आणि ओरडेल, जेवला का. संध्याकाळी उत्तर आलं. ‘दाखवलो.’

मग ते दिवस. आंटी अबेनाची म्हातारी आई वारली होती, नव्वदीची, आणि तिला पुरायचं अजून बाकी होतं, कारण धाकटा मुलगा इटलीत होता आणि त्याचे कागद होत नव्हते. दोन महिने म्हातारी बर्फात होती. उमेंद्रला हे विचित्र वाटलं आणि मग विचार करता करता बरं वाटू लागलं. मेलेल्या माणसालासुद्धा वाट बघायला लावायची, पण पोराला मागं टाकून जायचं नाही. चौकाचौकात म्हातारीचे फोटो लावले होते, निवडणुकीला लावतात तसे. त्यानं घरी बोलून पाठवलं: “बाबूजी, इथं मानूस मेला तं महिना महिना ठेवतेत. पोरगा आल्याशिवाय नेत नाहीत. मायले सांगजा.” उत्तर उशिरा आलं, दुसऱ्या दिवशी. तेच. आणि मग तो शनिवार, काळे-पांढरे कपडे घातलेली दोनशे माणसं, खुर्च्या, मांडव, ढोल, इटलीहून आलेला मुलगा, आणि मध्यभागी रुमाल हलवत नाचणारी आंटी अबेना. रडत होती आणि नाचत होती, एकाच वेळी. तिनं उमेंद्रचा हात धरून त्याला मधे ओढलं. त्यानं कुणाचा तरी काळा शर्ट घातला होता. तो गोंदियाच्या वरातीत नाचतो तसाच नाचला, दुसरं काही येतच नव्हतं, आणि लोकांना ते फार आवडलं. दुसऱ्यानं काढलेला तो व्हिडिओ त्यानं घरी पाठवला. माय, पाहा, इथं मयतीत नाचतेत! मायले दाखवा. ‘दाखवलो.’

त्यानंतर दोन महिन्यांनी आमगावच्या बाजूचा दुर्गाप्रसाद त्याच मिलवर दुसरा ऑपरेटर म्हणून आला. पहिल्याच दिवशी दुपारी जेवताना, बरबटीचा भात कालवत, सहज, मीठ मागावं तसं म्हणाला, “तुझ्या मायच्या तेरवीले आमच्या गावचे बी लोक गेले होते. मोठी गर्दी होती म्हनत.” उमेंद्रनं पुढचा घास घेतला. चावला. गिळला. मग विचारलं, कोणाच्या? दुर्गाप्रसादच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो त्याला आजही जसाच्या तसा दिसतो. पुढचं सगळं हिशेबासारखं झालं, आणि तो हिशेब त्याच्या डोक्यात गेले नऊ महिने चालूच होता. माय सकाळी अंगणात धान पाखडता पाखडता पडली. गोंदियाला आणेपर्यंत संपली. दिवस मावळायच्या आत तिला नेलं. नवव्या दिवशी इकडे टकल्याचा फोटो, दात दाखवत. विसाव्या दिवशी ‘पोरगा आल्याशिवाय नेत नाहीत.’ तिसाव्या दिवशी नाच. आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी, दाखवलो, दाखवलो, दाखवलो. कुणाला दाखवलं? त्या संध्याकाळी आंटी अबेनानं त्याला आधी बसवलं, पाणी दिलं, तो पाणी पिऊन होईपर्यंत काही विचारलं नाही, आणि मग म्हणाली, आता सांग. त्यानं सांगितलं. ती ‘दुए’ म्हणाली, म्हणजे कोसेच, पण मोठ्या दुःखासाठीचं. मग थोडा वेळ थांबून तिनं विचारलं, तुझ्यासाठी तिला ठेवलं नाही? एक दिवससुद्धा? बदली माणूस मिळायला महिना गेला आणि मग तो आला, आणि अंगणात ओरडला, ते वर सांगितलंच.

अर्ध्या डोक्यानं माणसाला फार वेळ हिंडता येत नाही. चहाच्या टपरीवर दोन पोरी त्याच्याकडे बघून फिदीफिदी हसल्या तेव्हा उमेंद्र वळला आणि खोलीकडे निघाला. बस केव्हाचीच आली असणार. बाबूजी कुलूप बघून परत गेले असतील, असं तो स्वतःला सांगत होता, आणि तसं झालेलं असावं की नसावं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. ते गेले नव्हते. पायरीवर बसले होते, पायाशी पिशवी, डोक्याला दुपट्टा, हात गुडघ्यांवर. आठ महिन्यांत ते बरेच लहान झाले होते. त्यांनी मान वर करून त्याला बघितलं, चेहऱ्याकडे नाही, डोक्याकडे. कितीतरी वेळ.

“अर्धाच काऊन काढलास?”

“लाईट गेली.”

बाबूजींनी मान हलवली. दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग, सवयीनं बोलून जातात तसं, म्हणाले, “तव्हा तं पूरा काढला होतास.”

“कव्हा?”

“तिकडं. तुझी माय गेली तव्हा. फोटो धाडला होतास ना.”

उमेंद्र हातात किल्ली घेऊन उभा होता. रस्त्यावरून धानाची पोती घेऊन एक ट्रक गेला.

“बाबूजी,” तो म्हणाला, “तव्हा बी लाईटच गेली होती.”

“हव,” बाबूजी म्हणाले. “मले मागून समजला.”

त्यानं कुलूप काढलं. बाबूजींना आत आणून एकुलत्या खुर्चीवर बसवलं, माठातलं पाणी तांब्यात भरून दिलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. ते पाणी पिऊन होईपर्यंत तो काही बोलला नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा म्हणाला, “आता सांगा.” आपण हे कुठून शिकलो ते त्याच्या लक्षात आलं.

बाबूजी आयुष्यात एवढं बोलले नव्हते. तांब्या हातातच धरून, त्याच्या तळाकडे बघत ते बोलले. “दुर्गेश्वरी पहिल्याच दिवशी म्हने, उमेंद्रले सांगू. मी म्हनलो, तेरवी होऊ दे. तिकडं एकटा हाय, कोनाच्या गळ्यात पडन? नववा दिवस होता. दहाव्याची तयारी चालू होती, अन् तुझा फोटो आला. पूरा डोका भादरलेला. खाली लिहिला, मायले दाखवा. मी पोरीले म्हनलो, त्याले समजला. कोनीतरी सांगितला. तिकडं आपल्या जागी बसून तो मायचा सुतक पाळून राहिला. आता त्याले काही इचारू नको, पोरगा कोसळन. नाही तं सुतकात कोन डोका काढते असा, सांग? कोन काढते?”

खरंच, कोण काढतं? त्याच्या गावात, त्याच्या समाजात, मायबाप जिवंत असताना असा डोकं भादरून फोटो पाठवणारा पोरगा कुणी पाहिला होता? हजार वर्षांत एक वेडा निघाला, आणि त्याच्या न्हाव्याची लाईट गेली.

“फक्त हासून राहिला होतास,” बाबूजी म्हणाले. “तेवढा मले खटकला. रातभर इचार केलो. मंग म्हनलो, मायले दाखवाचा हाय म्हनून हासला असन. तिले रडताना कायले दाखवन?” ते थांबले. “मंग तू ते बोलला. पोरगा आल्याशिवाय नेत नाहीत. म्हनलो, मले बोलून राहिला. बराबर बोलून राहिला. आपन दिवस मावळाच्या आंधी नेला तिले, तुझी वाट नाही पाहिली. दोन दिवस जेवन नाही गेला मले. मंग नाच आला. म्हनलो, तिकडची रीत असन, मायसाठी नाचला असन तो. सारा दाखवलो मी तिले. तिच्या फोटोपुढं फोन धरलो, आवाज मोठा केलो, तिले कमी आयकू येते म्हनून. तू जे जे म्हनला, मायले दाखवा, ते ते दाखवलो. मी खोटा नाही लिहिलो, उमेंद्र. एक डाव बी नाही.”

“अन् मी फोनवर इचारत होतो तव्हा? माय कशी हाय म्हनून?”

“मी म्हनो, हाय. घरातच हाय.” बाबूजींनी तांब्या खाली ठेवला. “तव्हा शंका येत होती. येत नव्हती असा नाही. इचाराले पाहिजे होता, की बाबू, तुले समजला ना? नाही इचारलो. नसन समजला तं सांगाले मलेच लागन. तुले माहीत हाय असा समजनं मले सोपा पडला. बापाले सोपा पडला, अन् तू तिकडं नाचत राहिला.”

“मी आंगनात बोंबललो, तव्हा काऊन नाही सांगितला हे?”

“कोन मानला असता?” बाबूजी म्हणाले. “केस पाहून पोराले समजला असा समजनारा बाप. लोक हासले असते. तू बी हासला असता.”

उमेंद्र हसला नाही. इतके महिने त्यानं एक लबाड म्हातारा मनात उभा केला होता, जो पोराला फसवण्यासाठी रोज तोच एक शब्द बोटानं शोधून लिहितो. आणि आता त्याच्या जागी दिसत होता तो गावच्या घरातला माणूस, भिंतीवरच्या फोटोपुढे दोन्ही हातांनी फोन धरून उभा, हात भरून आले तरी पूर्ण नाच संपेपर्यंत हलला नाही असा. राग ठेवायला जागाच उरली नाही. आणि राग गेल्यावर त्याखाली जे होतं ते इतकं साधं होतं की त्याला सोसवेना. माय मेली होती. तिनं त्याचं टक्कल पाहिलं नव्हतं. घाबरली नव्हती, हसली नव्हती, जेवला का म्हणाली नव्हती. इतके महिने तो बाबूजींशी भांडत होता म्हणून त्याला हे अजून कळलंच नव्हतं. तो जमिनीवर बसल्या बसल्या रडायला लागला, लहान पोर रडतं तसा, आवाज करून. बाबूजी खुर्चीतून उठले, त्याच्याजवळ आले, हात पुढे केला, आणि अर्ध्या डोक्यावर कुठे ठेवावा ते न कळून तो त्याच्या खांद्यावर ठेवला.

सलूनमध्ये लाईट आली होती. टिंकू म्हणाला, “आ गए? मैंने बोला था ना दो मिनट,” आणि मागून आलेल्या म्हाताऱ्यासाठी त्यानं दुसरी खुर्ची झटकली. “पूरा निकाल दे,” उमेंद्र म्हणाला. “उस्तरे से.” टिंकूनं पाणी घेतलं, डोकं भिजवलं, नवीन पातं घातलं. बाबूजी शेजारच्या खुर्चीत बसले, पाय लोंबकळत ठेवून, आणि आरशातून बघत राहिले. केस पडत होते, आधी डावीकडचे लांब, मग उजवीकडचे बारीक. उमेंद्र हलला नाही. पाणी कानामागून गळ्यात उतरत होतं, डोळ्यांतलंही त्यातच मिसळत होतं, आणि त्यानं काही पुसलं नाही.

झाल्यावर तो दारात, उजेडात, आला. डोक्याला हवा लागली. बाबूजींनी खिशातून फोन काढला, दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांपासून लांब नेला.

“इकडं पाह.”

“कायले, बाबूजी?”

“तुझ्या मायले दाखवतो.”

पहिल्या फोटोत नुसतं बोट आलं. त्यांनी बोट बाजूला घेतलं, पुन्हा फोन वर धरला आणि थांबले. “थोडा हास,” ते म्हणाले. “तव्हा हासला होतास.”

उमेंद्रनं दात दाखवले. तोंड वाकडं झालं, पण तो तसाच उभा राहिला, बाबूजींनी बटन दाबेपर्यंत. त्यांनी फोन जवळ घेऊन बघितला. मग अंगठ्यानं काच पुसली. पुन्हा बघितला, पुन्हा पुसली, दुपट्ट्याच्या टोकानं, घासून. फोटोतल्या त्याच्या गालावरचं पाणी काही जाईना.

“चाल,” ते म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला. “साडेचारची बस हाय.”